शिवलं नाही म्हणून मोजलं नाही



मागच्या स्वाध्यायाला मी घरी शिवलेला सुती ड्रेस घालून आले आणि ग्रंथ उघडायच्या आधीच पंधरा मिनिटं त्याच्यावर चर्चा झाली. "काकू, एवढा खटाटोप कशाला? सेलमध्ये साडेतीनशेला मिळतो." "शिवणार कोण बाई, डोळे कुठे आहेत आता!" "बाह्या वेगळ्या कापडाच्या का?" आणि एकीने हळूच विचारलं, "कापड कुठून घेतलंत?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी तिथे धड दिलं नाही. "घरात होतं," एवढंच म्हटलं. खरं उत्तर लांब आहे आणि फारसं अभिमानाचं नाही. ते आज लिहिते आहे. काहींना राग येईल. येऊ दे, पण शेवटपर्यंत वाचा.

चार वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात मी आर्यिका माताजींसमोर परिग्रह परिमाण घेतलं. सोनं, भांडी, कपडे, सगळ्याची मर्यादा वहीत लिहिली. साड्या चाळीस, ड्रेस वीस. तेवढं पाळलं. नवी साडी आली की जुनी गेली. मला स्वतःचं कौतुकही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता यंदाचा मे. कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको, पावसाळा तोंडावर आला की ट्रंकेतलं सगळं बाहेर काढून ऊन दाखवावं लागतं. नाहीतर आमच्याकडे कोलाडला जुलैपर्यंत कपड्यांवर बुरशीचे ठिपके ठरलेले. तशी मी पलंगाखालची मोठी ट्रंक ओढली. तिच्यात कपडे नव्हते, कापड होतं. न शिवलेलं. गच्चीवर चटई टाकून एकेक मांडत गेले आणि मांडता मांडता मोजायला लागले. ब्लाऊज पीस चौतीस. न शिवलेली ड्रेस मटेरियल तेरा. सुती कापडाचे सुटे तुकडे अकरा. अस्तराचे पाच. एकूण त्रेसष्ट. अस्तर सोडून अंदाजे मीटर लावले तर एकशे चाळीसच्या घरात गेले. वहीत यातला एकही नव्हता. का, तर वहीत 'कपडे' लिहिलं होतं आणि हे तर अजून शिवलेलं नाही!

ही पळवाट मी एकटीने काढलेली नाही, म्हणून हा लेख. आपल्यातल्या किती जणींनी नियम घेताना कपाट मोजलं आणि ट्रंक मोजली नाही, हे प्रत्येकीने आपल्या मनाला विचारावं.

'न शिवलेलं कापड म्हणजे काही कपडे नव्हेत' असं म्हणणाऱ्यांनी शास्त्र उघडावं. बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य आणि भांड. यातलं कुप्य आपण म्हणताना भरकन ओलांडतो, कारण तो शब्द आता कुणी वापरत नाही. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत कुप्य म्हणजे काय ते सांगताना सुती, रेशमी अशी कापडंच मोजली आहेत, जोडीला चंदन. तिथे शिवलेलं आणि न शिवलेलं असा भेद नाही. आपल्या दुकानदार पूर्वजांना तो भेद सुचलाही नसता. त्या काळी संपत्ती ठेवायची ती ताग्यांतच.

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात याच व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात अतिसंग्रह आहे, तो कळतो. पण त्याच यादीत विस्मयही आहे, म्हणजे दुसऱ्याचं वैभव पाहून थक्क होणं. "बाई, काय कलेक्शन आहे तुमचं!" हे आपण एकमेकींना कौतुकाने म्हणतो ना, तोच तो. मला ही ओळ पहिल्यांदा नीट कळली ती गच्चीवर त्या चटईपुढे उभी असताना.

बरं, हे कापड नुसतं पडून राहतं असंही नाही. पडून राहिलेलं कापड राखावं लागतं. कसर लागू नये म्हणून आपण काय करतो? डांबराच्या गोळ्या टाकतो. मुंगीला पाय लागू नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या आपण, ट्रंकेत विषारी गोळी टाकून झाकण लावतो. का, तर जे कापड आपण दहा वर्षांत वापरलं नाही ते कुठल्या बारक्या जिवाने खाऊ नये. आणि गोळ्या नाही टाकल्या, ऊन नाही दाखवलं, तर बुरशी. बुरशीला आपण अनंतकाय मानतो. ती आधी वाढू द्यायची आणि मग साबणाने खसाखसा घासायची. रोज अंगावर येणाऱ्या, धुतल्या जाणाऱ्या, वाऱ्यावर वाळणाऱ्या कपड्याला यातलं काहीच लागत नाही. संग्रह म्हटला की त्याच्यामागून हिंसा येतेच, हे प्रवचनात ऐकताना गोड वाटतं. ट्रंकेतल्या गोळ्यांचा वास आला की तेवढं गोड राहत नाही.

पाण्याचंही तसंच. आपण पाणी गाळून पितो. गाळणं जाड, दुहेरी, आणि जिवाणी परत विहिरीत किंवा नळाच्या पाण्यात जपून सोडायची, इथवर आपल्या सासवांनी शिकवलं. एका सुती टी-शर्टमागे कापसाच्या शेतापासून साधारण २,७०० लिटर पाणी लागतं असा हिशेब नेहमी दिला जातो. तो वाचल्यावर मी माझे एकशे चाळीस मीटर आठवले आणि वही मिटली. पेल्याभर पाण्यातले जीव वाचवायचे आणि ट्रंकेत तलाव घडी करून ठेवायचा.

"मग देऊन टाका," असं लगेच कुणीतरी म्हणतं. देऊन टाकणं हा आपला आवडता उपाय, कारण त्यात पुण्यही मिळतं आणि जागाही होते. २०२१ च्या जुलैत महाड बुडालं तेव्हा मीही दोन गाठोडी दिली होती. त्यात काय होतं ते आठवलं की आज मान खाली जाते. एक चमकीचा पोलिस्टरचा सेट, तीन ब्लाऊज पीस, रंग उतरलेल्या साड्या. ज्या बाईच्या घरात छातीएवढा चिखल होता तिला मी ब्लाऊज पीस पाठवला! शिलाई मशीनही तिच्या घरात चिखलातच असेल, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. तो त्याग नव्हता. माझा कचरा मी दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला होता. जगभरही हेच चाललं आहे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, आल्टो ऑस्पिसिओ गावाजवळ, कुणाला नको झालेल्या आणि न विकलेल्या कपड्यांचे डोंगर पडलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. ते कपडेही कुणीतरी 'देऊनच' टाकलेले.

म्हणून मी ठरवलं, आधी वापरायचं. यंदाच्या उन्हाळ्यात एकही तयार ड्रेस विकत घ्यायचा नाही. गरज होतीच. आमच्याकडचा मे म्हणजे हवेतच पाणी. सकाळी सात वाजता कुंडलिकेवर राफ्टिंगला जाणारे पाहुणे महामार्गावर हसत-खिदळत जातात आणि इकडे स्वयंपाकघरात आपली पाठ ओली. त्यात सेलमधला तो साडेतीनशेचा ड्रेस बहुतेकदा पोलिस्टर किंवा अर्धं पोलिस्टर. लेबलवर नाव काहीही असो, धागा जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पोलिस्टर वितळून काळा मणी होतो. तो मणी आपण अंगावर घालून गॅससमोर उभ्या राहतो आणि मग घामोळ्यांची पावडर आणतो.

आता शिवण्याचं सांगते, कारण खरा प्रश्न तिथेच अडतो. "येत नाही" म्हणणाऱ्या बहुतेक जणींना येतं. आपल्या पिढीतल्या किती तरी मुलींना लग्नाआधी शिवणक्लासला घातलेलं होतं. झारापकरांच्या पद्धतीने छातीच्या मापावरून मुंढा कसा काढायचा ते अजून हाताला आठवतं, डोक्याला आठवत नसलं तरी. माझ्याकडे क्लासमधली ब्राऊन पेपरची कटिंग्ज गुंडाळी करून ठेवलेली होती (हाही संग्रहच, मान्य). एका ए-लाइन फ्रॉकचं पेपर कटिंग निघालं, पण ते छाती चौतीसचं. आता मी चाळीस. सहा इंच वाढले म्हणजे चौथ्या भागात दीड इंच. कागदाला बाजूने पट्टी चिकटवली, झालं काम. कमरेचं माप मी इथे लिहिणार नाही.

कापड निवडलं ते अकरा सुती तुकड्यांतलं सगळ्यात आवडतं, फिकट निळं, पांढऱ्या बुट्ट्यांचं, चव्वेचाळीस पन्ह्याचं अडीच मीटर केंब्रिक. ते आईने दिलेलं. अकरा वर्षं मी ते कापलं नव्हतं. 'आईची आठवण' म्हणून प्रत्येक मे महिन्यात ऊन दाखवून परत घडी. कात्री लावायच्या आधी मला भरून आलं आणि मी आईला सांगलीला फोन लावला, तिला विचारावं म्हणून. ती म्हणाली, "कुठलं गं? ते निळं होय? ते मला मावशीने दिलेलं. मला तो रंग कधी आवडला नाही, म्हणून तुझ्या पिशवीत घातलं."

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या एका शब्दात आहे, मूर्च्छा. वस्तू म्हणजे परिग्रह नव्हे, तिच्यात गुंतून बेशुद्ध होणं म्हणजे परिग्रह. मी अकरा वर्षं कशात गुंतले होते हे मला त्या फोनवर कळलं. मावशीला तरी ते कुणी दिलं होतं, देव जाणे.

कापड रात्रभर पाण्यात टाकलं. सुती कापड न भिजवता कापू नका, पहिल्या धुण्यात आटतं आणि मग शिवणाऱ्याला दोष. मूठभर मीठ टाकलं, रंगासाठी. सकाळी पिळून वाळवलं, थोडं दमट असतानाच इस्त्री. अडीच मीटरचे पंच्याण्णव इंच उरले. पुढचा आणि मागचा भाग सेहेचाळीस-सेहेचाळीस इंच, म्हणजे जेमतेम बसला. बाजूने जी लांबट पट्टी राहिली तिच्यात खिसे निघाले, बाह्या काही निघेनात. दुकानात जाऊन मॅचिंग आणायचा मोह झालाच. पण चौतीस ब्लाऊज पीस उशाशी असताना बाह्यांसाठी बाजार? पांढरा सुती पीस शोधला. चौतिसातला सुती म्हणावा असा नवव्या नंबरला सापडला, बाकी सगळी सळसळ. म्हणून बाह्या वेगळ्या कापडाच्या, ताई. तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

चूकही केली. खांद्याला माया धरायची विसरले आणि गळा आधी कापला, तो पसरट झाला. पुढे मध्यावर तीन बारीक चुण्या घातल्या आणि उरेब पट्टी लावली. आता ती फॅशन दिसते. (शिवणातली माया मात्र ठेवावी लागते बरं, सोडायची ती कषायातली. दोन बोटं माया ठेवली की पुढच्या वर्षी अंग वाढलं तरी कपडा टाकावा लागत नाही. तयार कपड्यात ती नसतेच, म्हणून तो उसवून सैल करता येत नाही.) दोन दुपारी लागल्या. त्यातल्या एका दुपारी वीज नव्हती, पण माझं पायमशीन आहे, त्याला वीज लागत नाही. खर्च एका रिळाचा.

आता तुमचे आक्षेप. वेळ नाही, म्हणता. खरेदीला जाणारा वेळ, मोबाईलवर सेल बघण्यात जाणारा वेळ, आलेला ड्रेस बसत नाही म्हणून परत पाठवण्याचा वेळ, याचा हिशेब कुणी ठेवतं का? डोळे नाहीत, मशीन नाही, हे मात्र खरं असू शकतं. मग गावात शिवणारी बाई आहे ना. तिच्याकडे आपलं कापड न्या आणि शिलाई पूर्ण द्या. तिथे घासाघीस करू नका. आपण साडेतीनशेच्या ड्रेसवर खूश होतो तेव्हा त्यातले शिवणारीला किती मिळाले असतील, हा विचार अहिंसेतच येतो. कुणी म्हणेल, शिवणाचा नादही मोहच. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तोच मला सगळ्यात जास्त बोचतो. ज्या बायका 'मी घरी शिवते' म्हणत महिन्याला नवं कापड आणतात, लेस आणतात, बटणं आणतात, त्या माझ्या बाजूच्या नाहीत. माझी ट्रंकसुद्धा अशाच 'कधीतरी शिवीन'ने भरलेली आहे. शिवणं हे काही धर्मकार्य नव्हे. घरात आहे ते संपवायला मला एवढाच एक मार्ग दिसतो.

पण खरं भांडण मला आपल्या मंडळाशीच आहे. माझ्या ट्रंकेतले चौतीस ब्लाऊज पीस मी विकत घेतले का? एकही नाही. ते मला मिळाले. हळदीकुंकवाला, डोहाळेजेवणाला, विधानाच्या समाप्तीला, आणि सगळ्यात जास्त म्हणजे दशलक्षणात उपवासाच्या पारण्याला. दहा दिवस आपण उत्तम क्षमेपासून ब्रह्मचर्यापर्यंत दहा धर्मांवर ऐकतो. नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य, माझं काहीच नाही. आणि पारण्याला उपवास करणारीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ऐंशी सेंटिमीटर पोलिस्टर! तीही तो शिवत नाही. पुढच्या वर्षी दुसरीच्या ओटीत जातो. माझ्याकडे एक पीस असा आहे जो मी स्वतः तीन वर्षांपूर्वी एकीला दिला होता. कोपऱ्यावर पेनाची खूण माझीच. तो फिरून परत आला, माझ्या घरी मुक्कामाला.

आणि महावीर जयंती. ज्यांनी दीक्षेच्या वेळी अंगावरचं शेवटचं वस्त्रही सोडलं, त्यांच्या जन्मदिवसाला आपण दरवर्षी सगळ्या जणींसाठी एकसारखी नवी साडी काढतो. मागच्या वर्षी केशरी होती ना, चालली असती की! पण "फोटोत तीच तीच दिसते." मिरवणुकीत चैत्राच्या उन्हात त्या साड्यांनी निम्म्या जणींना घामोळं आलं. समोर पाटावर बसलेल्या माताजींकडे सोळा हाताच्या दोन पांढऱ्या साड्या, एक अंगावर, एक वाळत. आम्ही रांगेने पाया पडलो आणि त्यांनी आमच्या साडीबद्दल एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

"मग द्यायचं काय? रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?" हे मला मंडळातल्या मोठ्या वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, रिकाम्याच पाठवा. अनुमोदना करा, पाया पडा, पाणी द्या. फार वाटलं तर गाळण्याचं कापड द्या, सुती, जाड, काठ शिवून. ते प्रत्येकीच्या घरात रोज लागतं आणि झिजतं. वहिनी म्हणाल्या, "लोक काय म्हणतील." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. लोक म्हणजे आपणच पंधरा जणी आहोत.

मी काय केलं ते सांगते. वहीत कुप्य हा शब्द पहिल्यांदा लिहिला आणि त्याच्यापुढे त्रेसष्ट. मर्यादा मोडली होती ते माताजींना निरोपाने कळवलं. प्रायश्चित्त काय मिळालं ते माझ्यापाशी. आता नवी मर्यादा दहा तुकड्यांची, आणि तोवर कापड घ्यायचं नाही, भेट मिळालं तर हात जोडून परत करायचं. एका ड्रेसमध्ये दोन तुकडे संपले. दुसरा सासूबाईंसाठी बेतला आहे, त्यांना समोरून बटणं हवीत आणि डाव्या बाजूला जपमाळेपुरता खिसा. चार सुती तुकड्यांची गाळणी झाली. तेरा ड्रेस मटेरियलांपैकी सहा गावातल्या शिवणारीकडे दिली आहेत, घरातल्या मुलींच्या मापाने. उरलेल्या पोलिस्टरचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. गोधडीत भरायला देखील ते सळसळतं. कुणाला सुचत असेल तर सांगा, पण 'देऊन टाका' म्हणू नका.

पुढच्या स्वाध्यायाला प्रत्येकीने येताना एक चिठ्ठी आणावी. नाव घालू नका, फक्त आकडा, न शिवलेले तुकडे किती. सगळ्या चिठ्ठ्या एका ताटात टाकू आणि बेरीज करू. त्यानंतर दशलक्षणातल्या ब्लाऊज पीसबद्दल काय ठरवायचं ते ठरवू. ज्यांना शिवायचं आहे त्यांच्यासाठी माझं मशीन दुपारी दोन ते पाच मोकळं आहे, पेपर कटिंगही देईन. कापड मात्र घरूनच भिजवून, वाळवून आणा. माझ्याकडे दोरी एकच आहे आणि आता ढग यायला लागलेत.